झेरॉक्स तुमची, पेपर कुणाचा?

कॉलेजातला तो नोट्सचा जाडजूड गठ्ठा आठवतोय? स्पायरल बाइंडिंग, कडेला काळी पट्टी, मधलंच एखादं पान तिरकं. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कळायचं, की नेमकं हवं तेच पान गायब! आपल्यापैकी कित्येकांच्या डिग्र्या या गठ्ठ्यांवर उभ्या आहेत. तर बॉस, अशाच गठ्ठ्यांवरून एक मोठी कोर्टकेस झाली होती.

साल २०१२. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस’ नावाचं छोटंसं दुकान. प्राध्यापक अभ्यासक्रमातले उतारे सांगणार, दुकानदार त्यांच्या झेरॉक्स काढून ‘कोर्स पॅक’ बांधून देणार. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर खटला भरला. भरपाई मागितली ६० लाख रुपये. झेरॉक्सवाल्याकडून!

निकाल लागला सप्टेंबर २०१६ मध्ये. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५२ वं कलम आहे. शिकवण्यासाठी शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने मजकुराची प्रत काढली तर तो भंग ठरत नाही, असं ते सांगतं. कोर्टाने या सवलतीचा अर्थ वर्गातल्या तासापुरता न घेता संपूर्ण अभ्यासक्रमाला लावला. डिसेंबरमध्ये खंडपीठानेही हा अर्थ मान्य केला. मजकूर खरोखर शिकवण्यापुरताच घेतला होता का, एवढं तपासायला केस परत पाठवली. मग मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच माघार घेतली.

पण मला या केसमधली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटते. तीनशेहून अधिक अभ्यासकांनी खटल्याच्या विरोधात पत्र लिहिलं, आणि ज्यांच्या लिखाणाच्या झेरॉक्स निघत होत्या असे काही लेखकही त्यात होते. ज्यांची पुस्तकं ऑक्सफर्डनेच छापलीत, त्या अमर्त्य सेन यांनीही प्रकाशकाला खटला मागे घ्यायला सांगितलं. ‘माझं चोरा’ असं लेखकच म्हणतोय, आणि चोरी झाली म्हणून ओरडतोय दुसराच कुणीतरी!

असं का, ते पैशाची वाट पाहिली की कळतं. संशोधन होतं बहुतेक सरकारी पैशातून, म्हणजे तुमच्या-माझ्या टॅक्समधून. पेपर लिहिणाऱ्याला जर्नल छदाम देत नाही. तो तपासणारे तज्ज्ञही सहसा फुकटच राबतात. आणि मग तोच पेपर वाचायला विद्यापीठाने वर्गणी भरायची! ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र सरकारने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवलेत, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स सरकारी संस्थांना मिळावीत म्हणून. विद्यार्थ्यांची सोय झाली, मान्य. पण आपलाच माल आपणच विकत घेतोय, हे काही बदललं नाही.

या सगळ्याची किल्ली असते एका दोन पानी फॉर्ममध्ये. पुण्यात पीएचडी करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा पेपर स्वीकारला गेला. चार वर्षांची मेहनत, पार्टी वगैरे ठरली. सोबत आला ‘कॉपीराइट ट्रान्सफर’चा फॉर्म. तो पेपर म्हणजे तिच्या थिसिसचं तिसरं प्रकरण, आणि थिसिस ‘शोधगंगा’वर सगळ्यांसाठी खुला होणार. मग स्वतःचंच प्रकरण वापरायला परवानगी लागणार? बहुतेक मोठे प्रकाशक थिसिससाठी परवानगी देतात. पण मालकाने ती मागायची, हा न्याय कुठला? ‘सगळेच सही करतात गं,’ असं गाइड म्हणाल्या. तेही खरंच.

गंमत बघा. रामेश्वरीची केस उभी राहिली त्याच २०१२ साली आपला कॉपीराइट कायदा सुधारला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत खिंड लढवली आणि सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क मिळाला, जो निर्मात्याने सही घेतली तरी हिरावता येत नाही. संशोधकांसाठी तसं कुणी भांडलंच नाही. जर्मनीत २०१४ पासून तरतूद आहे: किमान निम्म्या सरकारी पैशातून झालेलं संशोधन असेल, तर लेखक स्वीकृत मसुदा १२ महिन्यांनी सर्वांसाठी खुला करू शकतो, धंदा न करता. करारात काहीही लिहिलेलं असो! आपल्याकडे ही एक ओळ आणायला काय हरकत आहे? सध्या आपण उलट्या टोकाने चाललोय. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ‘साय-हब’ ही पेपर फुकट देणारी साइट ब्लॉक करायला सांगितली.

अर्थात, ‘खुलं’ म्हटलं की सगळं चांगलं असंही नाही. ‘पैसे भरा, आठवड्यात छापून देतो’ म्हणणारी जर्नल्स आपल्याकडे ढिगाने आहेत. २०१८ मध्ये पुण्यातल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात यूजीसीच्या यादीतली १,००९ जर्नल्स तपासली, तर ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन निघाली. पीएचडीसाठी पेपर छापण्याची सक्ती २०२२ मध्ये गेली, पण बायोडेटाची भूक थोडीच जाते?

मैत्रिणीने सही लांबवली आणि संपादकांना साधी ईमेल केली: कॉपीराइट माझ्याकडे ठेवून तुम्हाला फक्त छापण्याचं लायसन्स दिलं तर चालेल का? निदान स्वीकृत मसुदा विद्यापीठाच्या साइटवर ठेवता येईल का? पहिल्या प्रश्नाला नकार आला. दुसऱ्याला होकार, एक वर्षानंतर. फॉर्मच्या शेवटी ते एक वाक्य टाइप करून घेतलं, मगच तिने सही केली. पार्टी पुढच्या शनिवारी आहे.