जिवाणूंकडे कात्री आली कुठून?

एमआय रूममधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या मिळतात. दोन दिवसांत ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या लॉकरमध्ये पडून राहतात. पुढे शेजारच्या खाटेवरचा मित्र शिंकू लागला, की त्याच गोळ्या त्याला दिल्या जातात. मीही दिल्या आहेत. सर्दी होते विषाणूंमुळे, त्यांना या गोळ्यांनी काहीच होत नाही. मार बसतो तो मित्राच्या पोटात निमूटपणे राहणाऱ्या जिवाणूंना.

पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक कडे असते. जिवाणू ज्या विकराने, म्हणजे एंझाइमने, आपली भिंत बांधतो, त्यालाच हे औषध जखडून टाकते. भिंत कच्ची राहते आणि जिवाणू फुटतो. पण काही जिवाणूंकडे ते कडेच तोडणारे दुसरे विकर असते. ते म्हणजे पेनिसिलिनेज. अब्राहम आणि चेन यांनी त्याची नोंद १९४० साली केली, पेनिसिलिन बाजारात येण्याच्याही आधी! बुरशी आणि जिवाणू यांचे मातीतले वैर फार जुने आहे, तेव्हा ही कात्रीही जुनीच.

मग ती इतक्या जणांकडे कशी पोहोचली? जिवाणूत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची लहान वर्तुळे असू शकतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. कात्री बनवण्याची कृती अनेकदा त्यांवरच लिहिलेली असते. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले, की प्लाझ्मिडची प्रत दुसऱ्याकडे जाते आणि देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही. घेणारा वेगळ्या जातीचा असला तरी चालते. जपानमध्ये आमांशाचे जिवाणू एकाच वेळी चार औषधांना दाद देईनासे झाले होते. त्यांच्यात आणि पोटातल्या ई. कोलाय जिवाणूत हा प्रतिकार असाच हस्तांतरित होतो, हे १९५९ मध्ये तिथल्याच संशोधकांनी दाखवले.

औषधाने बाकीचे मेले, की कात्रीवाल्याला मैदान मोकळे. उरलेल्या गोळ्यांनी मी मित्राच्या पोटात नेमके हेच करत होतो.

२००८ मध्ये स्वीडनमधील एका रुग्णात एनडीएम-१ हे विकर सापडले. तो आधी नवी दिल्लीत रुग्णालयात होता, म्हणून हे नाव. नावावरून आपल्याकडे मोठा वाद झाला. मला तो दुय्यम वाटतो. हे विकर कार्बापेनेमही तोडते, आणि ही औषधे डॉक्टर गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवतात. शिवाय ते सापडले क्लेब्सिएला या जिवाणूत, आणि त्याच रुग्णाच्या विष्ठेतील ई. कोलायमध्येही तोच जनुक निघाला.