यंत्राचा अंगन्यास

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. पूर्वी या दिवशी तलवार, विळा, नांगर पूजेस मांडीत. आता क्रेनलाही झेंडूचे हार चढतात. डहाणू तालुक्यातील सायवन येथे नवरात्रातील कीर्तनास गेलो असता क्रेन चालविणारा एक तरुण भेटला. मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा मार्ग डहाणू–तलासरीतून जात असल्याने या यंत्राचे त्या भागात आता नवल राहिलेले नाही. तो म्हणाला, "बुवा, हार वर्षातून एकदा घालतो. तपासतो मात्र रोज सकाळी. त्याला पूजा म्हणावे काय?"

देवपूजेस बसणारा आधी आसन स्थिर करतो, मग हृदय, मस्तक, शिखा अशा एकेका अंगास स्पर्श करून न्यास करतो. या तरुणाचा क्रमही तसाच. आधी भूमी: यंत्राचे आधारपाय घट्ट जमिनीवर, जाड फळ्यांवर टेकले आहेत ना? रात्री पाऊस झाला असल्यास माती खचते. वर विजेच्या तारा नाहीत ना? मग यंत्र बंद ठेवून, हातमोजे घालून तो पोलादी दोरावरून चिंधी फिरवितो; तुटलेली तार चिंधीस अडकते. दोराला पीळ बसला आहे काय, हुकाचे तोंड फाकले आहे काय, त्याची कडी मिटते काय, तेल कोठे गळते काय, हेही पाहतो. रिकामा हुक सावकाश वर नेऊन तो ठरल्या मर्यादेवर आपोआप थांबतो की नाही याची खात्री करतो. शेवटी ओझे वीतभर उचलून धरतो. ब्रेक घसरला तर काम तेथेच थांबते.

कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम २९ नुसार अशा यंत्राची कसून तपासणी सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून किमान एकदा व्हावी लागत असे. परंतु काल सायंकाळी तुटलेली तार वर्षापूर्वीच्या दाखल्यात कशी दिसणार?

३१ जुलै व १ ऑगस्ट २०२३ यांमधील रात्री शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाची तुळई बसविणारे प्रचंड यंत्र कोसळले व २० जणांचा अंत झाला. त्याच वर्षी २२ जानेवारीला तामिळनाडूत अरक्कोणमजवळ देवीच्या उत्सवात मूर्तीस हार घालण्यासाठी माणसे वर नेणारी क्रेन उलटली. ४ भाविक गेले. दोष कोणाचा, हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण क्रेनवर माणसे चढविणे हे भक्तीचे काम खचित नव्हे.

गृहस्थहो, पूजेतील आपलीही एक चूक सांगतो. हुकाला शेंदूर फासला की त्याखाली भेग दडते. काचेवर हार सोडला की चालकाची दृष्टी अडते. त्या तरुणाने तपासणी आटोपून झेंडूचा हार पुढच्या दिव्याखाली बांधला होता आणि दोराला कुंकवाचे बोटही लावले नव्हते. मी त्याला "हीच पूजा" इतकेच म्हणालो. तोवर मुकादमाने हाक मारली आणि तो निघून गेला.