डेथ व्हॅलीतल्या दोन घळी

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात गोल्डन कॅन्यन आणि गॉवर गल्च या दोन घळी शेजारी शेजारी आहेत. एकीतून चढायचे, खिंड ओलांडायची, दुसरीतून उतरायचे आणि पायथ्यापायथ्याने मूळ जागी परतायचे, अशी ही सुमारे ७ किलोमीटरची फेरी आहे. एकूण चढ २५० मीटरच्या आसपास भरतो. उद्यानाच्या प्रतवारीत ही वाट मध्यम समजली जाते. सह्याद्रीत मुरलेल्या भटक्याला चढाचे काहीच वाटणार नाही; कस लागतो तो हवेमुळे. वाट सुरू होते तीच समुद्रसपाटीच्या खाली. दक्षिणेकडचे बॅडवॉटर तर ८६ मीटर खाली आहे, आणि उत्तर अमेरिकेत त्याहून सखल जमीन नाही.

या भागात वर्षाकाठी सरासरी जेमतेम ५ सेंटिमीटर पाऊस पडतो. तरीही इथले बहुतेक सारे घडवले आहे ते पाण्यानेच. काही दशलक्ष वर्षांपूर्वी इथे सरोवर होते. त्याच्या तळाशी गाळ आणि ज्वालामुखीची राख थरावर थर साचत गेली. पुढे भूकवचाच्या हालचालींनी हे थर उचलले गेले, तिरपे झाले. गोल्डन कॅन्यनच्या पिवळट भिंतींत मान वर करून पाहिले, की उभ्या कलंडलेल्या फरशांवर बारीक लाटांच्या रेघा दिसतात. उथळ पाण्यात, आडव्या गाळावर उमटलेल्या त्या रेघा आता डोक्याच्याही वर गेल्या आहेत.

हा गाळाचा दगड सह्याद्रीच्या कातळासारखा टणक नाही. त्यात चिकणमाती भरपूर, त्यामुळे पाणी मुरत नाही; वर झाडझाडोरा नाही, त्यामुळे ते अडतही नाही. पडला तेवढा पाऊस उतारावरून सुसाट निघतो आणि जाताना माती खरवडून नेतो. पूर्वी गोल्डन कॅन्यनमध्ये डांबरी रस्ता होता आणि मोटारी आतपर्यंत जात. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार दिवसांत जवळजवळ वर्षभराचा पाऊस कोसळला आणि लोंढ्याने तो रस्ता उखडून टाकला. तो पुन्हा बांधला गेला नाही, हे बरेच झाले. घळ चालणाऱ्यांच्या वाट्याला आली. डांबराचे तुटके थर अजूनही कडेला दिसतात.

घळीच्या वरच्या अंगाला वाट फुटते. सरळ जाणारा छोटा फाटा रेड कॅथीड्रल या लाल कड्यांपाशी नेतो. हा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. मुख्य वाट वळून मॅन्ली बीकन या टोकदार सुळक्याच्या कुशीतल्या खिंडीकडे चढते. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात निघालेले काही काफिले या खोऱ्यात अडकले होते. त्यांच्यातल्या विल्यम मॅन्ली आणि जॉन रॉजर्स यांनी पायी बाहेर पडून मदत आणली. सुळक्याला नाव मिळाले ते या मॅन्लीचे. खिंडीच्या आसपास घसारा आहे आणि थोडे दृष्टिभयही. बुटाची पकड चांगली हवी. पलीकडे झॅब्रिस्की पॉइंटकडे जाणारा फाटा आहे. तिथवर मोटारीने येता येत असल्याने गर्दी असते, आणि फेरी पुरी करायला तिथे जावेच लागते असे नाही.

यानंतर उतार लागतो तो गॉवर गल्चचा. गोल्डन कॅन्यनइतकी ही घळ देखणी नाही, पण तिची कथा अधिक रंजक आहे. फर्नेस क्रीक इथल्या वस्तीला पुराचा उपद्रव होऊ नये म्हणून १९४१ मध्ये फर्नेस क्रीक वॉश या मोठ्या कोरड्या ओढ्याला झॅब्रिस्की पॉइंटजवळ चर खोदून या घळीत वळवण्यात आले. घळीच्या स्वतःच्या पाणलोटाच्या कितीतरी पट मोठा पाणलोट तिच्या माथी बसला. तेव्हापासून प्रत्येक पुरात तिचा तळ खोल जातो आहे आणि मुखाशी पसरलेल्या गाळाच्या पंख्यालाही चर पडला आहे. एरवी हजारो वर्षे लागावीत अशी झीज माणसाच्या एका आयुष्यात पाहायला मिळते, म्हणून भूशास्त्राच्या अभ्यासकांना ही जागा मोलाची वाटते. घळीत बोरॅक्सच्या जुन्या खाणींची बिळेही आहेत. त्यांत शिरू नये. शेवटी सुमारे ९ मीटरचा कोरडा धबधबा आडवा येतो. तिथे उतरण्याचा खटाटोप न करता उजवीकडून कड्याला बिलगून जाणारी आडवी वाट धरावी. तीच पुढे पायथ्याने वाहनतळावर पोचते.

ही फेरी नोव्हेंबर ते मार्च या काळातली. १० जुलै १९१३ रोजी फर्नेस क्रीक इथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, आणि जगातले सर्वोच्च तापमान म्हणून हीच नोंद अधिकृत मानली जाते. उन्हाळ्यात सकाळी १० नंतर खालच्या भागात चालू नये, असे उद्यान बजावते. वाटेत पाणी नाही, सावली नावापुरती. माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाणी जवळ हवे, सोबत काहीतरी खारट. कोरड्या हवेत घाम अंगावर टिकतच नाही. त्वचेवर मिठाची पांढरी पुटे चढतात, पण किती पाणी गेले हे कळत नाही. जुलै २०२३ मध्ये याच वाटेच्या सुरुवातीला ७१ वर्षांचा एक पदभ्रमंतीकार कोसळून मरण पावला. तापमान ४९ अंशांच्या घरात होते. इतक्या उन्हात हवा विरळ होऊन हेलिकॉप्टरला पुरेशी उचल मिळत नाही, त्यामुळे सुटकेसाठी ते बोलावता आले नाही.