गावात जुना सिनेमा, बायांच्या मतानं



कापसाची वेचणी आटोपत आली की आपल्या वर्धा जिल्ह्यात जत्रांचे दिवस सुरू होतात. साठीच्या पुढच्या बायांना विचारून पाहा, जत्रेतला तंबूतला सिनेमा त्यांना अजून आठवतो. मधोमध दोरी, एकीकडे बाप्ये, दुसरीकडे बाया, बसायला घरून नेलेली पोती. कोणता सिनेमा लावायचा ते तंबूवाला ठरवायचा आणि घरातून कोणी जायचं ते घरचा कर्ता माणूस. देवाधर्माचा सिनेमा असला की बायांना परवानगी लवकर मिळायची.

मागच्या वर्षी आमच्या ग्रामसंघानं शाळेच्या पटांगणात तीन रात्री जुने मराठी सिनेमे दाखवायचं ठरवलं, तेव्हा पहिलाच प्रश्न निघाला की सिनेमे निवडायचे कोणी? गावानंच निवडायचे, असं ठरलं. हे बोलायला सोपं आहे, पण करताना आम्ही कशा चुकलो ते आज सांगतो.

सभेत पाच नावं आली. संत तुकाराम (१९३६), कुंकू (१९३७), श्यामची आई (१९५३), सांगत्ये ऐका (१९५९) आणि उंबरठा (१९८२). आम्ही हात वर करायला सांगितले. श्यामची आईचं नाव घेतल्याबरोबर एका मोठ्या गटाच्या अध्यक्षताईंनी हात वर केला आणि त्यांच्यामागं सगळ्यांचे हात वर. संत तुकाराम दुसरा आला. कुंकूला चार-पाच हात, उंबरठ्याला दोन. सांगत्ये ऐकाला एकही नाही. तमाशाचा सिनेमा, आपल्याला आवडतो असं चारचौघींत कोण म्हणणार!

घरी जाताना एक सूनबाई हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही इचारलं ते बरं झालं. पन माही सासू बाजूलेच बसली होती."

तेव्हा आमच्या लक्षात आलं की आम्ही मत विचारलंच नव्हतं. पुढच्या सभेत पुन्हा मतदान घेतलं. पाच रिकामे डबे, प्रत्येकावर सिनेमाचं नाव आणि वाचता न येणाऱ्यांसाठी एक खूण: वीणा, कुंकवाची कोयरी, पाळणा, घुंगरू, दाराची चौकट. डबे वर्गखोलीत पडद्यामागं ठेवले. प्रत्येकीला तीन हरभरे दिले. तिन्ही एका डब्यात टाका नाहीतर वाटून टाका. एकच हरभरा दिला तर बाई ओळखीच्या नावालाच देते. तीन दिले की एक तरी मनासारखा टाकते.

आणि मतदानाआधी प्रत्येक सिनेमाची गोष्ट पाच मिनिटं सांगितली. ही पायरी पहिल्या वेळी गाळली होती. जे माहीतच नाही ते कोण निवडेल?

संत तुकाराम हा पुण्याच्या प्रभात कंपनीचा, दामले आणि फत्तेलाल यांनी केलेला. १९३७ साली इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला होता. आम्ही मात्र जिजाईबद्दल सांगितलं. नवरा भजनात, घरात दाणा नाही, पोरगं आजारी, म्हणून ती थेट पांडुरंगावर चप्पल उगारते. यावर सभेत हशा पिकला. श्यामची आई हा आचार्य अत्र्यांचा, देशात पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा सिनेमा, वनमालाबाई त्यात आई झाल्या आहेत. सांगत्ये ऐका पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, म्हणजे अडीच वर्षं. त्यात हंसा वाडकर आहेत. पुढं त्यांनी आपलं आयुष्य याच नावाच्या पुस्तकात सांगितलं आणि त्यावरून १९७७ साली भूमिका हा हिंदी सिनेमा निघाला.

कुंकूवर जरा जास्त बोललो. व्ही. शांताराम यांनी तो केला. नीरा नावाच्या तरुण मुलीचं लग्न मामा फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी लावतो. ती रडत बसत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहून त्याला नवरा मानायला नकार देते. शांता आपटे यांनी हे काम केलं. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, असे घरातलेच आवाज. त्या म्हाताऱ्याची विचारी लेक शकुंतला परांजपे यांनी उभी केली आहे. संततिनियमनाचं काम करणाऱ्या त्या याच बाई. त्या काळी शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय होतं १४. आज ते १८ आहे, आणि तरी आपल्याला बालविवाह थांबवायला धावावं लागतं.

डबे सभेपुढंच उघडले, हरभरे ताटात ओतून मोजले. कुंकू पहिला. दुसरा कोणता? सांगत्ये ऐका! ज्याला एक हात नव्हता, त्याच्या डब्यात ताटभर हरभरे. अध्यक्षताई सर्वांत मोठ्यानं हसल्या, म्हणून आम्हाला त्यांच्याही हरभऱ्यांचा संशय आहे. तिसरा श्यामची आई. उंबरठा थोडक्यात मागं राहिला, याचं आम्हाला वाईट वाटलं. स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमाच्या कामासाठी घर सोडून जाते, आणि त्यातली काही गाणी आपल्या अमरावतीच्या सुरेश भटांची आहेत. पण मत घ्यायचं म्हटल्यावर आपल्या आवडीचं हरलं तरी मान्य करावं लागतं.

तमाशाच्या सिनेमावरून गावातल्या काही मंडळींनी आडकाठी केली. बायांनी असलं पाहायचं का, म्हणून. आम्ही वाद घातला नाही, हरभऱ्यांचं ताट दाखवलं. एकानं गांधीजींचं नाव काढलं, सेवाग्राम आपल्या उशाशी आहे ना. गांधीजींना सिनेमाचं वावडं होतं हे खरंच. तरी १९४४ साली जुहूला त्यांनी रामराज्य पाहिला होता.

पैशाचं म्हणाल तर पुष्कळ गटांना तिथंच धसका बसतो. त्यांना आम्ही मंथन सिनेमाची गोष्ट सांगतो. १९७६ साली गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि त्यातून श्याम बेनेगलांचा तो सिनेमा उभा राहिला. शेतकरी गाड्या भरभरून आपला सिनेमा पाहायला गेले. २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समध्ये कान महोत्सवात दाखवली. आम्हाला तर सिनेमा काढायचा नव्हता, दाखवायचाच होता. प्रोजेक्टर शाळेचा, भोंगा भजनी मंडळाचा, पडदा म्हणजे दोन पांढऱ्या चादरी शिवून केलेला. शिवताना मधली शिवण नटीच्या तोंडावर येणार नाही अशी आडवी, खाली घ्या. आमची बरोबर मध्ये आली.

दोन गोष्टी मात्र नीट सांभाळा. जुना सिनेमा म्हणजे फुकट, असं समजू नका. सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, पण कथा आणि गीतं यांचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. तेव्हा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना आधी पत्र लिहा. गाव, तारीख, अंदाजे किती माणसं आणि तिकीट लावणार की नाही, एवढं लिहिलं की पुरे. आणि रात्री १० नंतर भोंगा बंद ठेवावा लागतो. कुंकू अडीच तासांहून मोठा आहे, म्हणून पावणेसातला सुरू केला. स्वयंपाक उरकून यायला बायांना उशीर होणार हे दिसत होतं, तेव्हा त्या तीन रात्री पटांगणातच चुलीवर खिचडी टाकली. पहिल्या रात्री बाप्यांनीच ढवळली.

कुंकू संपल्यावर कोणी पटकन उठलं नाही. मग सत्तरीच्या पुढची एक आजी बोलली. तिचं लग्न पोरवयात बिजवराशी झालं होतं, हे गावाला माहीत होतं, पण तिच्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं. ती म्हणाली, "तिनं तोंड उघडलं. मले त असं करता येते हेच माहीत नोयतं." तिच्या बाजूला तिची नात बसली होती, दहावीतली.

ते पाच डबे ग्रामसंघाच्या कपाटात आहेत. गेल्या महिन्यात एका गटात मोठं कर्ज आधी कोणाला द्यायचं यावरून तेढ झाली, तेव्हा सचिवताईंनी स्वतःच ते काढले आणि वरच्या चिठ्ठ्या बदलल्या. उंबरठ्याचा डबा तेवढा आम्ही बाजूला ठेवला आहे. यंदा त्याची गोष्ट जरा लवकर सांगायला घेणार आहोत.