मोटारीची नाडी दाखवणारा काटा

शिरूरजवळच्या एका निवृत्त गुरुजींची गोष्ट सांगतो. त्यांच्या दारात जुनी फियाट आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, पुढे जिला 'पद्मिनी' म्हणू लागले ती. गाडी पेट्रोल फार खाते, म्हणून गुरुजींनी बाजारातून व्हॅक्यूम गेज आणून बसवले. सोबतच्या कागदावर छापले होते की, गाडी उभी आणि इंजिन मंद चालू असताना काटा १८ ते २१ इंचांवर राहिला तर इंजिन निरोगी. यांचा काटा १६ वर! मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, रिंगा गेल्या. बोअर करावे लागणार." गुरुजी बिचारे पैशांच्या जुळवाजुळवीला लागले.

खोट मात्र इंजिनात नव्हती, कागद वाचण्यात होती.

घोडनदीच्या नाहीतर भीमेच्या काठचा पंप आठवा. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे पाहता पंप नळातली हवा कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. म्हणूनच पाण्यापासून पंचवीसेक फुटांपेक्षा वर बसवलेला पंप कुरकुरतो, आणि नळाचा सांधा सैल असला तर हवा घेतो. पेट्रोलच्या इंजिनातही तेच चालते. दट्ट्या खाली जाताना हवा मागतो. पण अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसला की कार्बोरेटरमधली झडप जवळजवळ बंद असते. त्यामुळे झडप आणि इंजिन यांच्यामधल्या नळीत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवा विरळ होते. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती कमी, हे काटा पाऱ्याच्या इंचांत सांगतो.

आता बाहेरची हवाच थोडी हलकी असेल तर? टोरिसेलीने १६४३ साली दाखवले की, हवेचा दाब नळीतला पारा सुमारे ३० इंच तोलून धरतो. ते झाले समुद्रकाठचे. शिरूर-दौंडचा मुलूख समुद्रसपाटीपासून १७०० ते १८०० फूट उंच. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरा. म्हणजे आपल्याकडे कागदावरच्या आकड्यातून पावणेदोन-दोन इंच वजा करायचे. गुरुजींचे १६ म्हणजे समुद्रकाठचे जवळजवळ १८. (शिक्षक मंडळींना वर्गात घालायला हे गणित बरे आहे.)

आणि आकड्यापेक्षा काट्याची चाल अधिक बोलते. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर इग्निशनचे टायमिंग मागे पडले असेल, नाहीतर गॅस्केटमधून हवा शिरत असेल. ठरावीक तालाने काटा झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळाला असण्याचा संभव. सावकाश झुलत असेल तर आधी कार्बोरेटरचा स्क्रू बघा. रिंगांची शंका असेल तर अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबून सोडा. काटा शून्याजवळ जाऊन मग नेहमीच्या जागेच्या चार-पाच इंच वर उसळला आणि पुन्हा स्थिरावला, तर रिंगा बहुधा शाबूत आहेत. गुरुजींचा काटा असाच उसळला.

बसवण्यात कठीण काही नाही, पण जागा चुकू नये. जोड मॅनिफोल्डवरच हवा. डिस्ट्रिब्यूटरची बारीक नळी कित्येक गाड्यांत झडपेच्या वरून निघते. तिथे जोडलेत तर मंद चालीत काटा हलणारच नाही. मॅनिफोल्डला डाटाचा बोल्ट असेल तर तो काढून तिथे निपल बसवा. भोक पाडायचे तर मॅनिफोल्ड उतरवूनच पाडा, नाहीतर लोखंडाचा कीस सिलिंडरात जायचा. ब्रेकच्या बूस्टरची नळी असेल तर तिला हात लावू नका. रबरी नळी जाड भिंतीची घ्या. पातळ नळी ओढीने चपटी होते. ती सायलेन्सरच्या पाइपापासून दूर ठेवा, आणि पत्र्यातून आत घेताना रबरी कडे घाला. गळती शोधायला चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडणारे वीर मी पाहिले आहेत, गाडी पेटायची! सांध्यावर इंजिन ऑइलचे दोन थेंब पुरतात. इंजिनाचा आवाज बदलला की समजा, गळती तिथेच.

डिझेल गाडीवाल्यांनी मात्र हा खर्च करू नये. डिझेल इंजिनात बहुधा अशी झडपच नसते, मग काटा दाखवणार काय?

राहिला पेट्रोलचा प्रश्न. गुरुजींना घेऊन आम्ही न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघालो. सपाट रस्ता, ताशी पन्नासची चाल, आणि काटा मात्र चढावर असावा तसा खाली. इंजिनाला कुणीतरी मागे ओढत होते. पारगावात थांबून चाकांना हात लावून पाहिले. तीन चाके कोमट, मागचे डावे चटका बसेल इतके तापलेले. ब्रेक चिकटून राहिला होता. दौंडला तो सोडवून घेतला आणि बोअरसाठी जमवलेले पैसे गुरुजींच्या खिशातच राहिले.