नाव लपवलं, ओळख उघडीच

ऑगस्ट २०२२ मध्ये मावळ तालुक्यातल्या एका गावात एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. मार्च २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली. गावाचं नाव इथे मुद्दामच दिलेलं नाही. त्याचं कारण पहिल्याच गैरसमजात आहे.

गैरसमज : नाव छापलं नाही की ओळख लपली.
वस्तुस्थिती : मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ नावावर थांबत नाही. पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार, ज्यातून मूल ओळखू येईल ते काहीही प्रसिद्ध करायला त्यात मनाई आहे. कलम मोडल्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही. मावळातल्या एखाद्या वाडीत तिसरीच्या वर्गात मुलीच दोन-तीन असतात. ‘अमुक वाडीतली तिसरीतली मुलगी’ एवढं वाचलं की कामशेतच्या बाजारात कुणीही नाव सांगेल. चेहरा धूसर केला, पण मागे घराची पडवी आणि देवळाची कमान दिसत असेल, तर झाकलं काय?

गैरसमज : मूल गेलं, आईवडिलांचीही हरकत नाही; मग नाव घ्यायला काय हरकत?
वस्तुस्थिती : निपुण सक्सेना खटल्यात ११ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मृत पीडितेचं नाव केवळ नातेवाइकांच्या संमतीने जाहीर करता येत नाही. पॉक्सोच्या प्रकरणात ही परवानगी फक्त विशेष न्यायालय देऊ शकतं, तीही मुलाच्या हितासाठी. न्याय मागणाऱ्या मोर्चाच्या फ्लेक्सवर मुलीचा फोटो लावणाऱ्यांची तळमळ खरी असते, पण तो फोटो लावणं कायद्यात बसत नाही.

गैरसमज : ही बंधनं पत्रकारांना, आपल्याला नाहीत.
वस्तुस्थिती : पॉक्सोचं कलम ‘कोणत्याही प्रकारच्या माध्यमा’बद्दल बोलतं. बालन्याय कायद्याचं (२०१५) कलम ७४ वृत्तपत्रं आणि वाहिन्यांबरोबरच इतर संपर्कसाधनांनाही लागू आहे. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आलं तसं पुढे पाठवलं’ ही सबब म्हणून चालत नाही.

गैरसमज : अल्पवयीन आरोपीचं नाव लपवणं म्हणजे त्याला पाठीशी घालणं.
वस्तुस्थिती : १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन चालकाच्या गाडीने झालेल्या अपघातानंतर हा सूर फार ऐकू आला. संताप रास्त होता, पण नाव गुप्त राहिलं म्हणून चौकशी किंवा खटला थांबत नाही. कलम ७४ आरोपी मुलाला, पीडित मुलाला आणि साक्षीदार मुलालाही सारखंच लागू आहे. ते मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गैरसमज : अपघाताचा व्हिडिओ फिरवला की लोक सावध होतात.
वस्तुस्थिती : ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात चार मुलं होती. एकमेकांना घट्ट धरून उभ्या असलेल्या त्या सगळ्यांचे शेवटचे क्षण देशभर फोनवर फिरले. इथे कायदा तोकडा पडतो, कारण वरची कलमं मुख्यतः गुन्ह्याशी संबंधित मुलांसाठी आहेत. पण पाणी किती झपाट्याने चढतं हे सांगायला बुडणाऱ्या मुलांचे चेहरे दाखवावे लागत नाहीत.

गैरसमज : मूल आमचं, फोटो आमचा.
वस्तुस्थिती : सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. न्या. संजय किशन कौल यांनी त्यात मुलांच्या खासगीपणाला खास संरक्षण हवं असं लिहिलं. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी अशी तरतूद करतो, पण माणसाने घरगुती कारणासाठी केलेला वापर त्यातून वगळलेला आहे. फ्रान्सने २०२४ मध्ये मुलांच्या छबीचा हक्क जपण्याची पालकांची जबाबदारी कायद्यात घातली. आपल्याकडे ती पालकांच्या विवेकावरच सोडलेली आहे. सोशल मीडियावर टाकलेल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर मुलाच्या पूर्ण नावासोबत आईचं नाव आणि आसन क्रमांक असतो. गणवेशातल्या फोटोत शाळेचा बिल्ला दिसतो. कौतुकाच्या भरात आपण हे सगळं अनोळखी लोकांच्या हाती देतो.

तेव्हा फोटो टाकण्याआधी बिल्ला, पाटी, पत्ता पाहा आणि मूल कळतं असेल तर त्याला विचारा. ते नको म्हणालं, तर टाकू नका. अत्याचाराची माहिती कळली, तर ग्रुपवर नव्हे, पोलिसांना किंवा १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवा.