वेगाचा सारथी

मोटारींच्या शर्यतींत जगज्जेता दरवर्षी कोणी ना कोणी ठरतोच. परंतु ज्याचे नाव त्याच्या पश्चात दोन-दोन पिढ्यांनी आदराने घ्यावे, असा चालक क्वचितच निपजतो. त्याला ही मान्यता कशाने मिळते? विजयांच्या संख्येने म्हणावे, तर मायकेल शूमाकर आणि लुईस हॅमिल्टन यांनी प्रत्येकी सात वेळा जगज्जेतेपद मिळविले. तरीही जाणकारांची चर्चा रंगात आली की ती पाच वेळाच जगज्जेता झालेल्या हुआन मॅन्युएल फांजिओपाशी येऊन थांबते. स्टर्लिंग मॉस हा इंग्रज चालक तर एकदाही जगज्जेता झाला नाही. १९५८ साली ते पद त्याच्या हातून अवघ्या एका गुणाने निसटले आणि तेही आपला प्रतिस्पर्धी हॉथॉर्न याच्या बाजूने पंचांपुढे साक्ष दिल्यामुळे! असे असूनही पहिल्या पंक्तीतून मॉसला उठविण्याचे धाडस कोणी करीत नाही. तेव्हा आकडे हे प्रमाण असले, तरी एकमेव प्रमाण नव्हेत.

फांजिओचा जन्म १९११ साली अर्जेंटिनातील बाल्कार्से या गावी, इटलीहून तेथे येऊन स्थायिक झालेल्या एका कुटुंबात झाला. लहान वयातच तो मोटारदुरुस्तीच्या कामाला लागला. पुढे दक्षिण अमेरिकेतील कच्च्या रस्त्यांवरून हजारो किलोमीटरांच्या शर्यतींत तो उतरला. १९४० साली ब्वेनोस आइरेसहून पेरूतील लिमापर्यंत आणि तेथून परत, अशी शर्यत त्याने जिंकली. अशा शर्यतींत मोटार मोडली तर ती चालकाने स्वतःच दुरुस्त करावयाची असे. यंत्र कोठवर सोसेल आणि कोठे तुटेल, हे ज्ञान त्याच्या हातांत मुरले ते तेथेच. युरोपात जगज्जेतेपदाच्या शर्यती सुरू झाल्या १९५० साली; त्या वेळी त्याला एकोणचाळिसावे वर्ष चालू होते. आज त्या वयाचा चालक निवृत्तीच्या वाटेवर असतो.

त्याच वर्षी मोनॅको येथील शर्यतीत पहिल्याच फेरीत समुद्राकाठच्या वळणावर अनेक मोटारी एकमेकींवर आदळल्या. आघाडीवर असलेल्या फांजिओला याची वार्ताही नव्हती. दुसऱ्या फेरीत त्या वळणाजवळ येताना त्याला एक गोष्ट खटकली. प्रेक्षकांची तोंडे, जी एरवी आघाडीच्या मोटारीकडे वळलेली असावयाची, ती दुसरीकडेच लागलेली होती. त्याने तत्काळ ब्रेक लावला, अडकलेल्या मोटारींतून हळूहळू वाट काढली आणि पुढे शर्यतही जिंकली. वेगात असताना दृष्टी आकसते, समोरच्या पट्ट्यापलीकडचे दिसेनासे होते. त्या वेगातही ज्याला गर्दीचे चेहरे दिसतात, त्याच्यापाशी इतरांहून अधिक काही आहे, हे मानावेच लागते.

मात्र त्याचे नाव अजरामर झाले ते ४ ऑगस्ट १९५७ रोजी, जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे. डोंगरझाडीतून वळसे घेत जाणारा हा मार्ग जवळजवळ २३ किलोमीटर लांबीचा. अशा २२ फेऱ्या. फेरारीच्या मोटारी टाकी भरून, टणक टायर लावून, मध्ये न थांबता धावणार होत्या. फांजिओने आपल्या मासेरातीत अर्धीच टाकी भरली आणि मऊ टायर लावले. मोटार हलकी झाली आणि टायरांची पकड वाढली. पण मध्येच एकदा थांबणे अटळ होते. बाराव्या फेरीअखेर तो थांबला तेव्हा सुमारे अर्ध्या मिनिटाची आघाडी त्याच्यापाशी होती. दुर्दैवाने चाक बदलताना घोटाळा झाला. तो पुन्हा मार्गावर आला तेव्हा हॉथॉर्न आणि कॉलिन्स हे फेरारीचे दोन तरुण इंग्रज चालक पाऊण मिनिटाने पुढे निघून गेले होते.

यानंतर त्याने जे केले, ते आजही चर्चेचा विषय आहे. ज्या वळणांवर खालचा गीअर घालून वेग कमी करावयाचा, तेथे तो वरच्या गीअरमध्येच आत शिरू लागला. वरच्या गीअरमध्ये गती टिकते हे खरे. परंतु चूक झाल्यास ती सावरण्यास अवकाशच उरत नाही. फेरीमागून फेरी विक्रम मोडत गेला. शर्यतीपूर्वी रिकाम्या मार्गावर त्याने सर्वांत कमी वेळ नोंदविला होता ९ मिनिटे २५.६ सेकंदांचा; ऐन शर्यतीत त्याने तीच फेरी ९ मिनिटे १७.४ सेकंदांत पुरी केली! एकविसाव्या फेरीत दोघांनाही मागे टाकून तो साडेतीन सेकंदांच्या फरकाने विजयी झाला. त्या वेळी त्याचे वय ४६ होते. आपण असे पूर्वी कधी चालविले नव्हते आणि पुन्हा चालविणार नाही, असे त्याने पुढे सांगितले, ते आत्मस्तुती म्हणून नव्हे. त्या दिवशी आपणच आखून घेतलेली मर्यादा आपण ओलांडली, हे तो जाणून होता. एरवी शक्य तितक्या सावकाश जिंकावे, अशीच त्याची रीत होती. जगज्जेतेपदाच्या ५१ शर्यतींत तो उतरला आणि त्यांपैकी २४ जिंकल्या. हे प्रमाण नंतरच्या कोणाही जगज्जेत्याला गाठता आलेले नाही.

त्याची मोटार नेहमीच उत्तम असे, असा एक आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. पण पाच जगज्जेतेपदे त्याने अल्फा रोमिओ, मर्सिडीज, फेरारी आणि मासेराती अशा चार निरनिराळ्या कारखान्यांच्या मोटारींवर मिळविली, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. शिवाय त्याच्याविषयी सहकाऱ्यांची भावना काय होती? १९५६ साली इटलीतील मॉन्झा येथे फांजिओची मोटार निकामी झाली. स्वतःला जगज्जेता होण्याची संधी असतानाही कॉलिन्सने आपली मोटार थांबवून त्याच्या स्वाधीन केली. तेव्हाचे नियम अशी अदलाबदल चालवून घेत. त्या मोटारीवर फांजिओ दुसरा आला आणि चौथ्यांदा जगज्जेता झाला.

६ जुलै १९५८ रोजी फ्रान्समधील रेंस येथे तो शेवटच्या वेळी या शर्यतींत उतरला. त्याच शर्यतीत इटलीचा लुइजी मूसो हा चालक अपघातात मरण पावला. बिघडलेल्या मोटारीनिशी फांजिओ मागे पडला होता. आघाडीवरचा हॉथॉर्न अखेरीस त्याच्यापाशी येऊन ठेपला. आणखी थोडा वेग वाढविताच त्याने फांजिओला एका संपूर्ण फेरीने मागे टाकले असते. त्याने तसे केले नाही. ब्रेक दाबून तो मागेच राहिला आणि फांजिओला त्याने आपल्यापुढे अंतिम रेषा ओलांडू दिली.